कार्यक्रमपत्रिकेचं मागचं पान

फादर म्हणाले, बस्त्याव, मागचं पान कोरं आहे,
ऑरेटोरिओचा इतिहास लिही थोडक्यात.
खाली जांभळी नाक्यावरच्या चष्मेवाल्याची जाहिरात येईल,
तेवढी जागा सोड.

तर थोडक्यात.
उपवासकाळात त्याच्या गावातल्या नाटकघरांना कुलपं लागायची.
पडदे उतरवलेले, मुकुट पेटीत,
गळ्यांना मात्र कुणी कुलूप लावेना.
मग प्रार्थनेच्या दालनात उभे राहून गायचे,
वेष नाही, हातवारे नाहीत,
राजा आणि गुलाम एकाच काळ्या कोटात.

असे त्याने सात रचले.
पहिल्याचे पैसे मिळाले नाहीत, मेणबत्त्या मिळाल्या, दोन मण.
दुसरा आगीत गेला.
तिसरा कुणा सरदाराच्या पुतण्याने
चीज गुंडाळायला विकला, वजनावर.
चौथ्याचा फक्त ट्रम्पेट उरलाय,
बत्तीस बत्तीस बार गप्प राहतो
आणि मध्येच एकटा ओरडतो.

मी वागळे इस्टेटीत एकतीस वर्षं लेथवर होतो.
दोन थाऊ चुकलं की माल परत.
हे इतिहासात बसत नाही,
पण लिहिणाऱ्याचा हात कसला ते कळलेलं बरं.

पाचवा योनाचा. तोच आपण गातो.
तीन दिवस तीन रात्री माशाच्या पोटात,
आणि या माणसाने काय करावं,
माशालाही आवाज दिला.
आल्टो. बाईचा खालचा, शेवाळलेला आवाज.
शब्द थोडेच, बहुतेक 'खोल' आणि 'थांब'.

इथे ठाण्यात तो कसा पोचला, नक्की कुणी सांगत नाही.
म्हाताऱ्या बेल्जियन पाद्रीच्या पत्र्याच्या ट्रंकेतून, म्हणतात.
तो गेल्यावर, चौसष्ट साली, ट्रंक उघडली
तेव्हा सोप्रानो होता, टेनर होता, बास होता.
आल्टोच्या जागी वाळवीची माती,
वहीच्याच आकाराची.

फिलू तुस्कानो त्याचा स्वयंपाक करायची.
तिला ना अक्षर येत होतं ना नोटेशन.
पण पाद्री व्हरांड्यात येरझाऱ्या घालताना माशाचंच गुणगुणायचा,
का ते देवाला ठाऊक,
आणि ही आत सुके बोंबील निवडत बसलेली.
पास्कू मास्तरांनी तीन संध्याकाळी तिच्याकडून उतरवून घेतलं,
वाण्याच्या खातेवहीच्या पाठकोऱ्या पानांवर.
ती मध्येच उठून जायची. चुलीवर भात असायचा.

तेच आपण साठ वर्षं गातोय.

गेल्या महिन्यात एल्रिकाने, ती ऐरोलीला कंपनीत आहे,
परदेशातल्या कुठल्या लायब्ररीतून मूळ प्रत मिळवली.
सगळं जुळलं. पान उलटताना हात थरथरत होते आमचे.
फक्त एक्केचाळिसाव्या बारात,
जिथे मासा योनाला किनाऱ्यावर टाकतो,
त्याने कोमल लिहिलाय.
आपण शुद्ध गातो.

त्याचा गाऊन पाहिला. बरोबर होता.
त्याचा मासा जड मनाने तोंड उघडतो,
एवढे दिवस पोटात सांभाळलेलं कुणी जावं तसा.
आमचा मासा तसा नाही.
आमचा म्हणतो, जा बाबा एकदाचा.

चूक पाद्रीची, फिलूची की मास्तरांची?
मास्तर गेले. फिलू गेली, ब्याण्णवला.
असती तर म्हणाली असती,
त्या घटकेला भात लागला असेल रे खाली.

लेथवर असतो तर माल परत पाठवला असता.

रविवारी काय गायचं, अजून ठरलेलं नाही.
आल्टोत सहाजणी.
एल्रिका कोमल म्हणते,
बाकीच्या त्या बाराशी आल्या की पदर सावरतात,
आणि त्यांच्या तोंडून फिलूचाच सूर निघतो.

सहाव्याबद्दल लिहायला जागा उरली नाही.
सातवा त्याने डोळे गेल्यावर रचला,
अंथरुणात पडून, एकेक सूर सांगून.
लिहून घेणारी कुणी मोलकरीण होती,
तिचं नाव कुठे नोंदलेलं नाही.

खाली चष्मेवाल्याची जाहिरात आहे.